माळवदाचं घर, नऊ फ्लॅट आणि एक टेम्पो : पडद्यामागची नोंदवही

नाटक दोन अंकी, घटनास्थळ एकच : कडीपाटाच्या माळवदाच्या घराची ओसरी. तालमी आणि बांधणी सेलूत, प्रयोग परभणीत. पडद्यामागे आठजण, सगळे नोकरी-दुकान-शेत सांभाळून संध्याकाळी सात ते दहा येणारे. परक्या रंगमंचावर नेपथ्य एका तासात उभं राहिलं पाहिजे आणि अर्ध्या तासात उतरलं पाहिजे. लाकडापासून बिजागरीपर्यंत प्रत्येक गोष्ट या दोन आकड्यांवर तपासायची, असं ठरलं. नोंदवही सगळ्यांसाठी आहे. एखादा आला नाही तर दुसऱ्याला पान वाचून त्याचं काम उचलता यावं, इतकं सविस्तर लिहायचं.

३ नोव्हेंबर

परभणीच्या रंगमंचाची मापं घेऊन आलो. दर्शनी पडदा उघडल्यावर मिळणारी रुंदी २८ फूट, पडद्यापासून मागच्या पडद्यापर्यंत २० फूट. विंगेतली (मंचाच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी) जागा डावीकडे ९ फूट, उजवीकडे फक्त ५ फूट. म्हणजे मोठं सामान डावीकडूनच आत-बाहेर करायचं. जमीन फरशीची आहे. स्क्रू किंवा खिळा मारता येणार नाही, आधार वजनावरच द्यावा लागणार.

मापं घेताना चार गोष्टी हमखास राहतात : माल आत न्यायच्या दाराची उंची-रुंदी, जिन्याचं वळण, विंगेतले खांब आणि वरच्या झालरीची उंची. इथलं मागचं दार साडेसहा फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद आहे. आठ फुटी फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंतीचा सुटा तुकडा, उभा जाणार नाही, आडवा धरून न्यावा लागेल.

मग वाहन. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा जेमतेम सव्वासात फूट, आठ फुटी फ्लॅट बाहेर डोकावतो. गावातल्या पिकअपचा हौदा मोजला : ८ फूट २ इंच. म्हणून फ्लॅटची उंची आठ फुटांवर पक्की केली. प्रेक्षकांना घर उंच दिसायला हवं, तर माळवदाची (मातीच्या सपाट छताची) किनार वेगळी, दोन फुटांची करून वर बसवायची.

५ नोव्हेंबर

मांडणी : मागची भिंत पाच फ्लॅट (२० फूट), दोन्ही बाजूंना दोन-दोन. एकूण नऊ, प्रत्येक ८ बाय ४ फूट. मागच्या भिंतीत एक दार, एक देवळी.

प्लायचे पत्रे ठोकावेत की चौकटीवर कापड ताणावं, यावर बराच वेळ गेला. हिशेब असा : दोन बाय एक इंचाची रीप आणि मांजरपाट वापरला तर एक फ्लॅट साधारण नऊ किलो भरतो. ६ मिलिमीटरचा प्लाय ठोकला तर वजन दुपटीच्या आसपास जातं. नऊ किलोचा फ्लॅट एकटा माणूस उचलतो. प्लायच्याला दोघं लागतात आणि तिथेच तास हातातून जातो. कापड ठरलं. फक्त देवळीच्या फ्लॅटला मधल्या भागात प्लाय, कारण त्यात पणती आणि तांब्या ठेवायचा आहे.

एका फ्लॅटला लागणारी रीप : उभ्या दोन × ८ फूट, आडव्या दोन × ४ फूट, मधल्या आडव्या दोन आणि कोपऱ्यातून एक तिरपी. बेरीज ३५ फूट. नऊ फ्लॅटना ३१५, तूट धरून ३६० फूट आणली. वखारीत प्रत्येक रीप डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. वाकडी रीप घरी आणून सरळ होत नाही, उलट कापड सुकताना आणखी पीळ खाते. गाठीची रीप उभ्या बाजूला वापरू नये, गाठीपाशीच मोडते.

८ नोव्हेंबर

चौकटी जोडल्या. प्रत्येक कोपऱ्यावर मागून ६ मिलिमीटर प्लायचा तिकोन, बाजू दहा इंच, फेविकॉल आणि स्क्रू. तिकोन बाहेरच्या कडेपासून एक इंच आत बसवायचा. कडेला भिडवून बसवला तर भिंतीच्या कोपऱ्यात दुसरा फ्लॅट काटकोनात भिडत नाही, फट राहते. पहिल्या दोन फ्लॅटवर ही चूक झाली होती, तिकोन काढून पुन्हा बसवले.

काटकोन तपासायला गुण्या पुरत नाही, कर्ण मोजावेत. ८ बाय ४ च्या चौकटीचा कर्ण ८ फूट ११ इंच आणि जवळपास तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की तिरपी रीप ठोकायची, आधी नाही.

बिजागऱ्या : फ्लॅटला फ्लॅट जोडायला तीन इंची बिजागरी, मधली पिन काढून तिच्या जागी वाकवलेला खिळा. खिळा घातला की जोडलं, ओढला की सुटलं. नऊ फ्लॅटचे आठ जोड, प्रत्येकी दोन, सोळा बिजागऱ्या. जागा आखायला प्लायचा एक साचा करून घेतला आणि सगळ्या बिजागऱ्या त्यावरूनच मारल्या. डोळ्यांच्या अंदाजाने मारल्या की दोन सुतांचा फरक पडतो आणि ऐनवेळी खिळा आत जात नाही. प्रत्येक खिळा सुतळीने आपल्या फ्लॅटला बांधला, कारण अंधारात पडलेला खिळा सापडत नाही.

दाराची चौकट फ्लॅटला जोडली नाही. स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभी राहणारी केली आणि फ्लॅटचं भगदाड तिच्याभोवती अर्धा इंच मोकळं ठेवलं. दुसऱ्या अंकात दार जोरात आपटतं. चौकट भिंतीला बांधलेली असती तर अख्खं घर हललेलं दिसलं असतं.

११ नोव्हेंबर

मांजरपाट ५४ इंच पन्ह्याचा, २५ मीटर. धुऊन आणू नये. कोरं कापड खळ पिऊन आक्रसतं आणि त्यानेच ताण बसतो. म्हणून मारताना किंचित सैल ठेवायचं. स्टेपल प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे. तंबूसारखं घट्ट ताणून मारलेलं कापड सुकताना चौकटीलाच वाकवतं.

रंगाआधी आगीची काळजी. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ५० ग्रॅम बोरिक पावडर, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून, ब्रशने कापडावर दोन्ही बाजूंनी. सुकल्यावर त्याच कापडाची वेगळी पट्टी काडीच्या ज्योतीवर दहा-बारा सेकंद धरून पाहिली : काळी पडली, पण काडी बाजूला घेताच विझली. न लावलेली पट्टी वरपर्यंत जळत गेली. ही चाचणी मोकळ्या अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवूनच करायची. एक ध्यानात ठेवावं : कापड पुन्हा भिजलं की हे क्षार धुऊन जातात. पावसात भिजलेल्या फ्लॅटला परत लावावं लागतं. बंद सभागृहात, गरम हॅलोजनच्या शेजारी कापड उभं करताना हे काम टाळायला नको.

त्यावर खळ : एक भाग फेविकॉल, आठ भाग पाणी, मूठभर खडू पावडर. थंडीत रात्री लावली तर सकाळपर्यंत ओलीच राहते. डिसेंबरच्या तोंडावर सेलूत रात्री पारा चांगलाच उतरतो. दुपारी लावावी, उन्हात फ्लॅट सपाट आडवे ठेवून सुकवावी.

१५ नोव्हेंबर

रंग. नऊही फ्लॅट शाळेच्या पटांगणात ओळीने, जमिनीवर, रंगमंचावर असतील त्याच क्रमाने मांडले. एकेक सुटा रंगवला की पट्टे जुळत नाहीत.

पांढऱ्या मातीची भिंत म्हणून शुद्ध पांढरा वापरला तर दिव्याखाली भगभगतो आणि नटांचे चेहरे काळवंडतात. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये पिवळा स्टेनर आणि अगदी थोडा काळा मिसळून राखट केला. सुकल्यावर एक छटा फिका होतो, तेव्हा बादलीतला रंग पाहून निर्णय घेऊ नये. दहा किलोचा डबा दोन हातांना पुरला. खाली एक फुटाचा गेरूचा पट्टा, नऊ फ्लॅटवरून एकच सुतळी खडूत बुडवून फटकारली आणि तिच्यावर ओढला. मग गडद रंगाचे शिंतोडे, ओल दाखवायला स्पंजचे डाग. शिंतोड्यांचा मोठा उपयोग म्हणजे जोडाच्या उभ्या रेघा डोळ्यांत भरत नाहीत.

पाठीमागून सगळे फ्लॅट काळे केले. कापडाला मागून उजेड लागला की विंगेत बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस समोरून सावलीसारखा दिसतो. जोडाच्या मागे चार इंची काळी पट्टी एका फ्लॅटला चिकटवली, दुसऱ्यावर ती नुसती आच्छादते.

माळवदाची किनार : दोन फूट उंच, पाच तुकडे. कड्यांची टोकं दाखवायला तीन इंची पीव्हीसी पाइपचे सहा इंची तुकडे, पॉलिश पेपरने घासून (नाहीतर रंग सोलतो) लाकडी रंग दिलेले. थर्मोकोल मुद्दाम टाळला. तो एका प्रवासात झडतो आणि पेट घेतो तेव्हा वितळून खाली ठिबकतो.

२० नोव्हेंबर

पहिली उभारणी, शाळेच्या हॉलमध्ये. २ तास १० मिनिटं.

वेळ कुठे गेला ते घड्याळ लावून लिहिलं. फ्लॅट शोधण्यात २५ मिनिटं. टेकू लावण्यात ४०. किनार बसवण्यात ३५, कारण शिडी एकच. उपाय त्याच रात्री : प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर खाली कोपऱ्यात आकडा, जोडावर दोन्ही बाजूंना तेच अक्षर (क ला क, ख ला ख). किनार वर चढवून बसवण्याऐवजी जमिनीवरच फ्लॅटला अडकवायची आणि दोघांनी मिळून उभं करायचं.

टेकू सहा. फ्लॅटच्या दोन तृतीयांश उंचीवर, म्हणजे सव्वापाच फुटांवर धरायचे, पाय भिंतीपासून साडेतीन फूट मागे. प्रत्येक पायावर दहा किलोच्या दोन गोण्या. आधी शेतातली काळी माती भरली होती. ती ओलावा धरते, सुकली की ढेकळं होतात आणि गोणी पायावर बसत नाही, घसरते. चाळलेली वाळू भरली. सिमेंटची गोणी उलटी करून, आत दुसरी पिशवी घालून, दोनदा शिवून. एकदा वाळू सांडली की फरशीवर पायाखाली येते आणि नट घसरतो.

२२ नोव्हेंबर : दुसरी उभारणी, १ तास २५ मिनिटं.

२४ नोव्हेंबर

प्रकाश. १००० वॅटचे दहा हॅलोजन, चार एलईडी पार (डब्यासारखे दिवे). एक हॅलोजन २३० व्होल्टला सुमारे ४.३५ अँपियर ओढतो. दहा एकाच फेजवर टाकले तर ४३ च्या वर. तीन फेजवर ४-३-३ वाटले : साडेसतरा, तेरा, तेरा. डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) एक चॅनल दोन किलोवॅटचा, त्यावर दोनपेक्षा जास्त दिवे लावायचे नाहीत. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच वापरायची, गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं.

न्यूट्रल ढिला असेल तर तीन फेजवर सर्वांत घातक प्रकार होतो. कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं आणि दिवे, डिमर, लॅपटॉप एकदम जातात. मुख्य जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची, आणि दिवे लावण्याआधी तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मीटरवर वाचून लिहायचं.

आज मीटर लावला. साडेपाचला २२६, सव्वासातला १९४. रब्बीचा हंगाम आहे, मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे हे होतंच. १९४ व्होल्टला हॅलोजनचा उजेड जवळपास निम्मा होतो आणि रंग पिवळसर-तांबूस पडतो. दुपारच्या तालमीत ठरवलेला संध्याकाळचा प्रसंग रात्री काळोखात जातो, त्याचं कारण हेच. म्हणून मूळ उजेड एलईडीवर नेला (ते कमी व्होल्टेजवरही सारखेच चालतात), हॅलोजन चेहऱ्यांसाठी आणि खास जागांसाठी. डिमरच्या पातळ्या ऐंशी टक्क्यांच्या आत बसवल्या, म्हणजे व्होल्टेज पडलं तर वर चढवायला जागा राहते. प्रयोगासाठी १५ केव्हीएचा जनरेटर सांगून ठेवला.

जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा पारदर्शक रंगीत कागद) : सजावटीचा रंगीत कागद हॅलोजनवर पाच मिनिटांत आक्रसून जळतो. दिव्यांसाठीचंच घ्यावं. गडद निळं सर्वांत लवकर फिकं पडतं, दोन तुकडे जादा. दिवा पाइपला लटकवला की क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी किंवा तार हवीच. खाली माणसं असतात.

२७ नोव्हेंबर

प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू. दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर पांढरा कागद, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा मार्करने आखून आत नाव. वस्तू परत आली नाही तर रिकामा आकार लगेच दिसतो. उजवं टेबल अरुंद, दीड फुटांचं.

कंदील : रॉकेल आणि वात काढली. पिवळा एलईडी, दोन पेन्सिल सेल, ४७ ओहमचा रोध, बटण तळाशी. काचेला आतून पातळ पिवळा वार्निश, नाहीतर ठिपक्यासारखा बल्ब दिसतो. प्रत्येक प्रयोगाला नवे सेल.

जातं : प्लास्टिकच्या घमेल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, तळात चार किलो वाळू. हलकं ठेवलं तर खुंटा फिरवताना सरकतं. आवाज रेकॉर्ड केलेला. बाईचा हात थांबला आणि घरघर चालू राहिली तर प्रसंगच कोसळतो, म्हणून हा क्यू (सुरू-बंद करायची खूण) संहितेवर नाही, तिच्या हाताकडे पाहून.

भाकरी खरीच, पण तेल लावून मऊ केलेली आणि लहान. कोरडी ज्वारीची भाकरी खाताना संवाद म्हटला की ठसका लागतो. ताटात पाण्याचा तांब्या भरलेलाच असावा.

इरकली लुगड्याचा झटपट बदल एकच आहे, ५० सेकंदांचा. लुगडं आधी शिवून घेतलं. वेल्क्रो नको, शांत प्रसंगात त्याचा फाडल्यासारखा आवाज सरळ प्रेक्षकांपर्यंत जातो. टिचबटणं आणि आकडे.

१ डिसेंबर

ध्वनी. एकवीस क्यू. फाइलींना आकडे ०१, ०२ असे, शून्य आधी. नाहीतर लॅपटॉप १ नंतर १० वाजवायला घेऊ शकतो. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडी. सूचना, अपडेट, वायफाय बंद.

स्पीकरमध्ये घरघर येत होती, डिमर कमी-जास्त केला की वाढायची. डिमर विजेची लाट मधेच कापतो, त्याचा गोंगाट शेजारच्या तारांत उतरतो. ध्वनी वेगळ्या फेजवर घेतला आणि ऑडिओची केबल दिव्यांच्या वायरला समांतर न नेता काटकोनात ओलांडली. घरघर गेली.

४ डिसेंबर

दोन अंकांमधला बदल पडदा न पाडता, अंधारात करायचा आहे. बाज, दुरडी, जातं बाहेर. लाकडी खुर्ची, ट्रंक, कपड्यांचं बोचकं आत. पहिला प्रयत्न १ मिनिट ३५ सेकंद आणि दोनदा टक्कर.

टक्कर झाली कारण जाणारे-येणारे एकाच वाटेने. आता बाहेर जाणारं सगळं डावीकडून मागच्या बाजूने, आत येणारं डावीकडूनच पण पुढच्या बाजूने. उजवीकडून फक्त बोचकं. पाचजण, प्रत्येकी फार तर दोन वस्तू, क्रम ठरलेला. बाज दोघांची, आणि तीच आधी निघते. ती हलली नाही तोवर ट्रंकला जागा नाही.

जमिनीवर खुणा चमकणाऱ्या रेडियम टेपच्या, इंचभर लांबीच्या, फक्त वस्तूच्या मागच्या दोन पायांना. चारही पायांना लावल्या तर उजेडात पुढून दिसतात. ही टेप आधी उजेड पिते, मगच चमकते. तेव्हा नांदीआधी दहा मिनिटं मंच पूर्ण उजळून ठेवायचा. मंचावर अंधार होण्याआधी दहा सेकंद बदलणाऱ्यांनी विंगेत डोळे मिटून उभं राहावं, अंधारात लवकर दिसतं. अंगात काळे कपडे, बांगड्या-किल्ल्या-सुटे पैसे बाहेर. पायांत रबरी तळव्याचे बूट. नुसते मोजे फरशीवर घसरतात.

बारा वेळा केला. शेवटचे तीन : ४१, ३८, ३८ सेकंद.

७ डिसेंबर

रंगीत तालीम. व्यवस्थापनाची (क्यू देणाऱ्याकडची) संहितेची प्रत अशी : उजव्या पानावर संवाद, डाव्यावर क्यू. ‘तयार’ची खूण अर्धं पान आधी, ‘घे’ची खूण नेमक्या शब्दावर रेघ ओढून. ‘घे’ हा शब्द इतर कुठल्याही बोलण्यात वापरायचा नाही. आज विंगेत कुणीतरी “पाणी घे” म्हणालं आणि दिवेवाल्याने सहावा क्यू दिला.

तिसरी उभारणी ५२ मिनिटं.

१० डिसेंबर

भरणी. जे शेवटी उभं राहतं ते आधी गाडीत, जे आधी लागतं ते दाराशी. वाळूच्या गोण्या खाली, केबिनच्या बाजूला. फ्लॅट उभे, रंगीत बाजू रंगीत बाजूला, मध्ये जुनी चादर. कागद घालू नये, थंडीच्या दवाने चिकटतो. नऊ फ्लॅट मिळून सव्वा फूट जागा. ताडपत्री पहाटेच्या दवासाठीही हवी. दुरुस्तीची पेटी सगळ्यांत शेवटी, हाताशी : स्क्रू, स्टेपलगन, वाकवलेले दहा खिळे, सुतळी, काळी टेप, उरलेला भिंतीचा रंग बरणीत, फ्यूज, दोन हॅलोजन बल्ब. बल्ब उघड्या बोटांनी धरू नये, घामाचा डाग तापून काच फुटते.

११ डिसेंबर

रंगमंच सकाळी नऊला मिळाला. फ्लॅट मागच्या दारातून आडवे, दोघांनी एकेक. उभारणी १ तास ४ मिनिटं. चार मिनिटं गेली ती फरशीच्या उतारात : मंच पुढे किंचित उतरता आहे, बाजूच्या फ्लॅटचे वरचे जोड उघडले. खाली प्लायच्या पाचरी सारल्यावर खिळे गेले. पाचरी नशिबाने पेटीत होत्या, यादीत नव्हत्या. यादीत लिहिल्या.

नटराजपूजनाचा नारळ मंचावर न फोडता विंगेमागे दगडावर फोडला, पाणी फरशीवर येऊ दिलं नाही.

फेज : २२१, २१८, २२४. सातला दुसरी फेज १९९ वर आली, जनरेटरवर गेलो. ते पहिल्या घंटेआधी केलं. प्रयोग सुरू असताना बदल केला असता तर डिमर क्षणभर बंद पडले असते.

अंधारातला बदल ४० सेकंद. ध्वनीचा १४ वा क्यू अर्धा सेकंद उशिरा. दार आपटलं, भिंत हलली नाही.

उतरवणी २८ मिनिटं. क्रम : प्रॉपर्टी, दिव्यांचे जिलेटिन, किनारीसह फ्लॅट, टेकू, शेवटी गोण्या. फ्लॅट खाली येईपर्यंत त्याच्या टेकूवरची गोणी कुणी उचलायची नाही. हॅलोजन बंद करून वीस मिनिटं थंड होऊ दिले, मगच उतरवले.

१२ डिसेंबर

परत आल्यावरची मोजणी : गोण्या १२ पैकी १२. खिळे १६ पैकी १५. फ्लॅट ५ चं कापड खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन इंच फाटलं आहे : मागून मांजरपाटाचं ठिगळ, खळ, मग रंग, आणि त्या जागी टाकणखाराचं पाणी पुन्हा. फ्लॅट ८ ची तिरपी रीप चिरली, बदलायची. कंदिलाचे सेल काढून ठेवले, आत राहिले तर गळतात. चादरी धुवायला दिल्या. पाचरींची जोडी पेटीत, झाकणाला आतून चिकटवली.